लिंबू, वाटाणा आणि ओली भिंत

मागच्या वर्षी जुलैमधल्या एका रविवारी मी आमचं बाथरूम घासून काढलं. सोमवारी पहाटे आमचा लिंबू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसला.

लिंबू म्हणजे पिवळा बजी. त्याच्या जोडीला एक हिरवा होता, तो वाटाणा. पेट शॉपवाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत सगळे यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात, पण ते लव्हबर्ड नव्हेत. लव्हबर्ड मूळचे आफ्रिकेतले. बजी, म्हणजे बजरीगर, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचे. तिथे ते मोठमोठ्या थव्यांनी दाण्यापाण्याच्या शोधात फिरतात. आपले हिरवे पोपट घरात ठेवायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. बजी परदेशी, म्हणून चालतात. तर कोरड्या हवेतले हे दोन जीव डोंबिवलीच्या पावसाळ्यात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत येऊन पडले होते. ऑफिसमधली मैत्रीण बंगळुरूला शिफ्ट झाली आणि जाताना पिंजरा आमच्याकडे ठेवून गेली.

आईचा आधी विरोध होता. “उडणाऱ्याला कोंडून ठेवायचं म्हणजे पाप आहे,” असं तिने मला दारातच सुनावलं. पंधरा दिवसांनी तीच सकाळी चहाच्या आधी पिंजऱ्यावरचा कपडा काढून, “ए लिंबू, उठलास का रे?” म्हणून गप्पा मारत बसायला लागली. कोथिंबिरीच्या जुडीतल्या दोन काड्या त्यांच्यासाठी बाजूला निघायला लागल्या. घरात आम्ही दोघीच. मी वर्क फ्रॉम होम, दिवसभर कानाला हेडफोन. तिच्याशी बोलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

पिंजरा बेडरूममध्ये होता, कपाटाच्या शेजारी, भिंतीला लागून. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम. जून संपेपर्यंत भिंतीला ओल आली. आधी नुसता गडद डाग, मग पुट्टीला फुगे, मग पोपडे. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या पोपड्यांच्या कडेने काळे-हिरवे ठिपके. कुणीतरी शाईचा ब्रश झटकावा तसे. खोलीत शिरलं की कुबट वास यायचा. आपल्याकडे पावसाळ्यात कुठल्या घराला ओल येत नाही? मी त्याच्यावर कॅलेंडर लावलं.

त्याच दिवसांत लिंबूचं बोलणं कमी झालं होतं. आवाज बसल्यासारखा झाला होता. बसला की प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी वर-खाली व्हायची, एका लयीत. मला ते गोड वाटलं. मी त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. चौदा हार्ट आले.

*

त्या रविवारी मी ठरवून बुरशीच्या मागे लागले. भिंतीच्या बेडरूमकडच्या बाजूला हात लावायच्या आधी बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांत बसलेली काळी बुरशी काढू, असा विचार केला. आधी ब्लीच ओतलं. पंधरा मिनिटांनी घासलं, तरी सांधे काळेच. मग जोर यावा म्हणून त्याच्यावर टॉयलेट क्लीनर ओतला.

हे करू नये, हे दोन्ही बाटल्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर सोडला गेला होता. शाळेत आपण हे समीकरण लिहितो, मार्क मिळवतो आणि बाथरूममध्ये जाऊन विसरतो.

नाकात सुई टोचल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. मी खोकत बाहेर पळाले, बाथरूमचं दार उघडंच राहिलं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले, पाणी प्यायले. आई पाठ चोळत होती आणि रागावतही होती. एक्झॉस्ट फॅन सहा महिन्यांपासून बंद होता. बेडरूमचं दार बाथरूमच्या दाराला लागून, तेही सताड उघडं. वर पंखा गरगरत होता.

पिंजऱ्याची आठवण मला साधारण दहा मिनिटांनी झाली.

पळत जाऊन पिंजरा गॅलरीत आणला. वाटाणा पिसं फुलवून बसला होता. लिंबू चोच उघडी ठेवून श्वास घेत होता. संध्याकाळपर्यंत दोघंही थोडे सावरल्यासारखे दिसले, म्हणून मी डॉक्टर शोधायला सोमवार उजाडू दिला. रविवारी संध्याकाळी पक्ष्यांचा डॉक्टर कुठे मिळणार, अशी स्वतःची समजूत घातली. सोमवारी पहाटे आईनेच कपडा काढला. तिने हाक मारली ती लिंबूला नाही, मला.

सोसायटीच्या कंपाउंडमध्ये जास्वंदीखाली आम्ही त्याला पुरलं. आई काही बोलली नाही. तिने काही बोलली असती तर बरं झालं असतं.

*

वाटाणाला घेऊन मी ठाण्याला गेले. आपल्याकडे कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली मिळतात, पक्ष्यांचे शोधावे लागतात. डॉक्टरांनी वाटाणाला टॉवेलात धरून तपासलं, वजन केलं. ३४ ग्रॅम. मग मी लिंबूबद्दल सांगितलं आणि फोनवर तो व्हिडिओ दाखवला. शेपटी वर-खाली होतानाचा.

त्यांनी तो दोनदा पाहिला. मग म्हणाले, “याला तेव्हाच श्वास घ्यायला त्रास होत होता. शेपटीचा जोर लावून तो हवा ओढतोय.”

पक्षी आजारपण लपवतात. थव्यात जो आजारी दिसतो तो शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्याचा आव आणतात. आपल्याला काही दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. शेपटीचं हलणं, आवाज बदलणं, चोच उघडी ठेवून श्वास घेणं, वजन घटणं या त्या उशिराच्या खुणा. ऑस्परजिलस नावाची बुरशी ओलसर भिंतीवर, कुबट दाण्यांवर, कुजक्या पाल्यावर कुठेही वाढते. तिचे बीजाणू हवेत उडतात आणि पक्ष्यांच्या श्वसनमार्गात रुजू शकतात. त्या आजाराचं नाव ऑस्परजिलोसिस. लिंबूला तो होता का? असावा. मग त्याला बुरशीने मारलं की माझ्या क्लोरीनने? डॉक्टर म्हणाले, “शवविच्छेदनाशिवाय सांगता येणार नाही. आधीच अशक्त झालेल्या फुप्फुसाला तो वायू झेपला नसेल, असंही असेल.”

तोवर जास्वंदीखालची माती ओली होऊन बसली होती. आम्ही पुन्हा उकरली नाही.

परतीच्या लोकलमध्ये वाटाणाचं खोकं मांडीवर धरून मी एकच गोष्ट वाचत होते : पक्षी श्वास कसा घेतो.

आपली फुप्फुसं भात्यासारखी असतात. हवा आत येते, त्याच वाटेने बाहेर जाते, आणि थोडी शिळी हवा दर वेळी आत उरतेच. पक्ष्याचं तसं नसतं. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही. त्याची फुप्फुसं फारशी फुगत नाहीत. फुगतात त्या शरीरभर पसरलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ. आत घेतलेली हवा आधी मागच्या पिशव्यांत जाते, मग फुप्फुसातून पुढे सरकते, मग पुढच्या पिशव्यांत आणि तिथून बाहेर. एका श्वासाची हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात. फुप्फुसातून हवा कायम एकाच दिशेने वाहते, आत घेतानाही आणि सोडतानाही, त्यामुळे पक्षी तिच्यातला ऑक्सिजन आपल्यापेक्षा कितीतरी चांगला शोषतो. उडायला एवढी ताकद लागते, ती अशी येते.

पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच चांगलं शोषलं जातं.

कोळशाच्या खाणीतल्या कॅनरी पक्ष्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात ही कल्पना मांडली. कार्बन मोनॉक्साइड माणसाला जाणवायच्या आधी कॅनरी कोसळतो, म्हणजे माणसांना पळायला वेळ मिळतो. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले. मला आधी माहीत नव्हतं ते पुढचं : काही पिंजऱ्यांच्या डोक्यावर ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर बसवलेलं असायचं. पक्षी कोसळला की पिंजऱ्याचं दार बंद करून आत ऑक्सिजन सोडायचा आणि त्याला शुद्धीवर आणायचं. खाणीतल्या माणसांनी त्याची तेवढी सोय करून ठेवली होती.

लिंबू तीन आठवडे शेपटी हलवून मला सांगत होता, आणि मी त्याला हार्ट गोळा करून देत होते.

*

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे वाटाणाला कल्याणच्या मावशीकडे पोचवलं. पक्षी घरात असताना बुरशीला हात लावायचा नाही, हा डॉक्टरांचा पहिला नियम. दुसऱ्या खोलीत दार लावून ठेवणं हा दुसऱ्या नंबरचा पर्याय, आणि आमच्यासारख्या छोट्या घरात तो पर्यायच नाही.

दुसरा नियम : आधी पाणी, मग बुरशी. भिंत कितीही पुसा, आतून पाणी येत असेल तर पंधरा दिवसांत सगळं परत. आणि पाणी वरून येत होतं.

वरच्या मजल्यावर काकू राहतात. एकट्या, पेन्शनवर. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पावसाचं किंवा बाहेरच्या सामाईक पाइपचं पाणी गळत असेल तर खर्च सोसायटीचा, पण फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची. हे मला माहीत होतं आणि काकूंनाही. म्हणूनच गेली दोन वर्षं जिन्यात भेटलो की आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो, पण त्या पाण्याबद्दल नाही.

मी वर गेले तेव्हा वाद घालायच्या तयारीने गेले होते. फोनमध्ये भिंतीचे फोटो होते. काकूंनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “तुमच्या पिवळ्याचा आवाज नाही हल्ली. सकाळी गॅलरीतून ऐकू यायचा.”

मी सांगितलं. बाथरूम, ब्लीच, सगळं. भिंतीचं शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “प्लंबर बोलाव. मी पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालतील का त्याला, एवढं विचार.”

प्लंबरने काकूंच्या नहाणीची जाळी बंद करून लादीवर चार बोटं पाणी भरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी आमच्याकडचा डाग पसरलेला होता. नहाणीच्या ट्रॅपभोवतीचं सिमेंट सुटलं होतं. ते फोडून नवा ट्रॅप बसवला, वॉटरप्रूफिंग केलं, टाइल्सचे सांधे पुन्हा भरले. पाच दिवस काकू आंघोळीला आमच्याकडे येत होत्या. आई त्यांना रोज चहा पाजायची. दोन वर्षांत जेवढ्या बोलल्या नसतील तेवढं त्या पाच दिवसांत बोलल्या.

*

मग भिंत. आमचा डाग साधारण दोन बाय अडीच फुटांचा होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, ठोकताळा असा की बुरशी साधारण दहा चौरस फुटांपेक्षा, म्हणजे तीन बाय तीनच्या तुकड्यापेक्षा, कमी असेल तर ती घरच्या घरी काढता येते. त्याच संस्थेचं म्हणणं आहे की बुरशीसाठी ब्लीच सरसकट वापरू नये. हे वाचून मी फोन पालथा ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

बुरशी नुसती मारून भागत नाही. मेलेल्या बुरशीचे कणही श्वासातून त्रास देतात. ती भिंतीवरून उचलून घराबाहेर न्यावी लागते. आणि सगळ्यात मोठी चूक कोणती, तर सुक्या ब्रशने खसाखसा घासणं. त्याने बीजाणू लाखोंनी हवेत उडतात आणि काल फक्त एका भिंतीवर होते ते आज पलंग, पडदे, पंखा सगळीकडे जातात. म्हणजे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ज्याला ‘जोर लावून साफ करणं’ म्हणतात, नेमकं तेच करायचं नव्हतं.

मी काय केलं ते क्रमाने सांगते, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, गॉगल. बेडरूममधलं जे हलवता येईल ते बाहेर, उरलेलं प्लॅस्टिकखाली. दाराच्या फटींना चिकटपट्टी. छतावरचा पंखा बंद. खिडकी उघडी आणि खिडकीत टेबल फॅन, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा घरात न फिरता बाहेर जाईल. मग स्प्रेच्या बाटलीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. डाग आधी पूर्ण भिजवला. ओले झालेले पोपडे पातळ पत्र्याने हळूच खरवडून थेट पिशवीत. मग जुन्या सुती कपड्यांच्या तुकड्यांनी वरून खाली एकाच दिशेने पुसलं. एक तुकडा एकदाच, लगेच पिशवीत. डिस्टेंपर ओलं झाल्यावर लगद्यासारखं निघून आलं, येऊ दिलं. खाली गिलावा उघडा पडला.

त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमधून आणलं, बाटलीवरचा आकडा वाचून, पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणलं. दहा मिनिटं ठेवलं, बारीक फेस आला, मग साध्या पाण्याने पुसून घेतलं. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतं, मागे तिखट वास उरत नाही. व्हिनेगरही लोक वापरतात, पण एकाच बाटलीत पेरॉक्साइड आणि व्हिनेगर मिसळलं की पेरॲसेटिक आम्ल तयार होतं, तेही श्वासाला वाईट. आणि व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र केलं तर पुन्हा क्लोरीन. माझा नियम आता सोपा आहे : एका दिवशी एकच बाटली.

पिशव्यांना गाठ मारून त्या घरात न ठेवता थेट खाली नेल्या. कपाटाच्या मागचा हार्डबोर्ड फुगला होता, तो काढून टाकला. असल्या वस्तूंच्या आतपर्यंत बुरशी जाते, ती पुसून निघत नाही. पिंजऱ्यातल्या लाकडी दांड्या टाकल्या, जाळी गरम पाण्याने आणि साबणाने धुतली. राळ्याचा डबाही ओतला. त्यात हात घातला तर दाणे एकमेकांना चिकटत होते. महिनाभर मी तेच त्यांना खाऊ घालत होते.

आजीची गोधडी कपाटात सगळ्यात मागे होती, तिलाही ठिपके. आई टाकू देईना. पावसात ती वाळवणार कुठे? शेवटी गरम पाण्यात धुऊन लाँड्रीच्या मोठ्या ड्रायरमध्ये दोनदा फिरवून आणली. ती वाचली.

*

दुपारी आई खोलीत आली, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हणाली, “साफ केल्यासारखं वाटतच नाहीये.”

मला हसू आलं आणि मग नाही आलं. कारण ती बरोबर बोलत होती. आमच्या घरात साफ केल्याला वास असतो. लादी पुसली की फिनेलचा, देवपूजा झाली की उदबत्तीचा, तिन्हीसांजेला धुपाचा, कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा, रात्री डासांच्या कॉइलचा. पाहुणे यायचे असले की रूम फ्रेशनरचा. वास आला नाही तर काम झालं नाही. मी तरी ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर का ओतलं? तेवढा भपकारा आल्याशिवाय बुरशी मरत्येय असं मला वाटलंच नसतं.

आणि यातली एकूण एक गोष्ट पक्ष्याच्या श्वासाला त्रासाची. नॉनस्टिकचा तवा रिकामा गॅसवर राहिला आणि फार तापला तर त्याच्या थरातून सुटणारा धूर शेजारच्या खोलीतल्या पक्ष्यालाही काही मिनिटांत मारू शकतो. आपल्याला त्याचा वासही जाणवेल असं नाही. हवा शुद्ध करणारी मशीनंसुद्धा बघून घ्यावी लागतात. ओझोन सोडणारी असतील तर नकोत, नुसता हेपा फिल्टर असलेली चालतात.

बाहेरच्या झाडावरचा पक्षी धूर आला की उडून जातो. आमचे दोघं उडून जाणार कुठे? आई पहिल्या दिवशी दारात जे बोलली होती, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. कोंडून ठेवलंच आहे, तर त्यांनी कुठली हवा घ्यायची हे ठरवणारे आपणच. त्यांच्या वाट्याची खिडकी आपणच उघडायची.

मी आईला तिच्या पलंगावर बसवलं आणि तोच व्हिडिओ पहिल्यांदा नीट दाखवला. शेपटी. पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांचं सगळं सांगितलं. तिने मध्येच थांबवून विचारलं, “म्हणजे मी रोज संध्याकाळी धूप फिरवायचे, तेव्हा त्याला...?”

मी बाथरूमबद्दल स्वतःला विचारत होते, आणि ती इतके दिवस गप्प होती ती धुपाचा हिशोब करत. मला वाटत होतं ती माझ्यावर रागावली आहे.

*

मग गणपती आले. दीड दिवसाचा असला तरी घर सजतं, लोक येतात. आणि बेडरूमच्या भिंतीवर दोन बाय अडीच फुटांचा उघडा गिलावा. आईला वाटत होतं की निदान एक हात पांढरा मारून घ्यावा. पण ओल्या भिंतीवर रंग मारला की ओल आतच कोंडते आणि बुरशी रंगाच्या पाठीमागून वाढते. शिवाय ताज्या रंगाची वाफ. भिंत पूर्ण सुकायला हिवाळा उजाडणार होता. आई दोन दिवस धुसफुसली आणि मग तिने त्या भिंतीवर नुसतं बघायचं सोडून दिलं. आत्याने विचारलंच, “हे काय गं?” आई म्हणाली, “भिंत सुकतेय.” एवढंच, अगदी सहज.

वाटाणा आला तो विसर्जनानंतर. आरतीचा कापूर, धूप सगळं संपून, दारं-खिडक्या दोन दिवस उघड्या राहिल्यावर. आता घरात तेलाचं निरांजन असतं, धूप नाही. फिनेलऐवजी लादीला साध्या साबणाचं पाणी. एक्झॉस्ट फॅन दुरुस्त झाला. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, म्हणजे मागे हवा खेळते. भिंतीवर रंग लागला तो जानेवारीत, आणि त्या आठवड्यात वाटाणा पुन्हा मावशीकडे.

मी एक आर्द्रतामापक आणला, घड्याळाएवढा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाढायला अवघड जातं. या जुलैत पहिल्याच दिवशी तो ८८ दाखवत होता. मग शोध लागला की अर्धं पाणी आम्हीच आणतो : बेडरूममध्ये दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, झाकण न ठेवता उकळणारी भांडी. कपडे आता गॅलरीत, आडव्या पावसापासून वाचवायला प्लॅस्टिक लावून. दिवसातून काही तास एसी ‘ड्राय’वर. डोंबिवलीच्या पावसात ६० रोज जमत नाही. ६४, ६६ येतो. काही ओलं झालंच तर चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत सुकवायचं, तोवर बुरशी सहसा धरत नाही. दाणे आठवड्यापुरतेच आणायचे. वाटाणाचं वजन दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर. कालचं ३५.

बजी थव्यातला पक्षी, एकटा ठेवू नये, असं डॉक्टर दर वेळी सांगतात. आम्ही आरसा लावलेला नाही, स्वतःलाच दुसरा समजून बोलत बसायला नको. त्याच्याशी आईच बोलते. आम्ही दोघींनी ठरवलंय की हा एक पावसाळा बघायचा. भिंत कोरडी राहिली तर दिवाळीनंतर जोडीदार आणायचा. नाही राहिली तर वाटाणालाच मावशीकडे कायमचा पाठवायचा. दुसरा वाक्याला आई अजून ‘हो’ म्हणालेली नाही, पण ‘नाही’ही म्हणालेली नाही.

आज रविवार. ऑगस्ट अर्धा झाला, बाहेर धो-धो लागलाय. वर काकूंच्या बाथरूममध्ये पाणी पडल्याचा आवाज येतो आहे. मी कपाटाच्या मागे हात घालून भिंतीवर तळवा टेकवला, मग टॉर्च मारून कोपरा पाहिला.

“कशी आहे?” आईने पिंजऱ्यापाशी उभ्याउभ्याच विचारलं.

“कोरडी.”

“नीट बघ परत,” ती म्हणाली.